राक्षसाचा आंधळा कोपरा

अ‍ॅडॉप्टर तापल्याचा वास आला की मी थेट नव्वदच्या दशकातल्या बावडा गावात, काकांच्या टीव्हीसमोर जाऊन बसतो. व्हिडिओ गेममधला शेवटचा राक्षस पिंपळाएवढा आणि माझा एकच जीव उरलेला. हरणाऱ्यानं मारका एडका बांधायचा, अशी चुलतभाऊ दत्ताशी पैज. त्या एडक्यानं ट्रॅक्टर उलटवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय!

मी पडद्यावर नुसता पळत होतो. तांदूळ निवडणारी काकी म्हणाली, “पळतूस कशाला? एडक्यागत डोकं खाली घालून येतोय त्यो. कोपऱ्यात बस.”

बसलो. राक्षस भिंतीला धडकत राहिला, मी खालून लाथा घालत राहिलो. मेला!

दत्तानं पांढऱ्या चेहऱ्यानं दावं उचललं. अंगणात एडक्यापासून लपायला कोपराच नव्हता.

“तू बी चल की रं,” तो म्हणाला.

आज हसू येतं, पण तेव्हा जिंकूनही मी रडत त्याच्यामागं गेलो.