मारिसेलची डोंगरावरची शाळा

मारिसेल काल गेली. आज मी ऑफिसला गेलो.

सकाळची मीटिंग केली. दोनदा "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणालो. कशाला म्हणालो ते आठवत नाही.

रडू आलेलं नाही.

तुमच्यापैकी फारसं कुणी तिला ओळखत नाही, म्हणून लिहितोय.

फिलिपिन्सची मुलगी. अजून तिशीसुद्धा गाठली नव्हती. एका छोट्या बेटावरच्या मच्छीमारांच्या गावातली. कॉलेजात असतानाच तिने किनाऱ्यावरच्या गावांतली पोरं गोळा केली आणि वादळाआधी गाव कसं रिकामं करायचं ते शिकवत फिरली. मग हवामान बदलाच्या परिषदांना तरुणांची प्रतिनिधी म्हणून जाऊ लागली. तिथून काँट्रॅक्टवर इथे जर्मनीत एश्बॉर्नला, विकासकामं करणाऱ्या एका संस्थेत.

माझं ऑफिस त्याच बिल्डिंगमध्ये. कँटीन एकच.

एकदा मी डब्यातला सुका बांगडा मायक्रोवेव्हमध्ये गरम केला. टेबल रिकामं झालं. एक मुलगी मात्र उलटी माझ्याकडे चालत आली.

"कुया, हा माझ्या घरचा वास आहे. बसू?"

कुया म्हणजे दादा. ओळख व्हायच्या आधीच मी दादा झालो होतो.

"तुम्ही काय करता?"

"पेन्शनचं सॉफ्टवेअर."

"छान. म्हाताऱ्यांचं भविष्य तुम्ही बघा, उरलेल्यांचं मी बघते."

तिच्या डोक्यात खरं तर एकच गोष्ट होती. तिच्या गावची शाळा. अगदी समुद्राला लागून. वादळ आलं की पाणी वर्गात. ती शाळा डोंगरावर न्यायची.

रिपोर्ट, प्रेझेंटेशनं, प्रवास, सगळं फिरून त्या शाळेपाशी यायचं.

बॉनच्या एका बैठकीत तिला बोलायला काही मिनिटं मिळाली. आदल्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली आणि भाषण वाचून दाखवलं. टक्के, अंश, कलमं. सगळं बरोबर होतं.

सुषमा, माझी बायको, म्हणाली, "अगं, पण यात तुझी शाळा कुठाय?"

मारिसेलने कागद पुन्हा वरपासून चाळला.

मग मी तिला आमच्या सिंधुदुर्गातलं गाऱ्हाणं सांगितलं. कुठलंही काम काढायचं तर आधी गाव देवळासमोर उभा राहतो. एक जण मोठ्याने देवाला सांगतो, "बा देवा म्हाराजा, ही अडचण इली हा, ती दूर कर." आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!"

"आणि देवाने नाही ऐकलं तर?"

"पुढच्या वर्षी परत घालायचं."

ती हसत सुटली. "कुया, ही तर आमची परिषदच झाली!"

बैठकीच्या दिवशी आम्ही घरी लॅपटॉपवर बघत होतो. तिने कागद बाजूला ठेवला. "आमची शाळा समुद्राजवळ आहे," म्हणाली. तिच्या मागे बसलेली तिच्याच देशाची पोरं एका सुरात म्हणाली, "ओपो." ओपो म्हणजे त्यांच्याकडचं वडीलधाऱ्यांना म्हणायचं 'हो जी'.

"गेल्या वादळात फळाही वाहून गेला."

"ओपो."

अध्यक्षांनी टेबलावर टकटक केलं. घोषणा चालणार नाहीत. पोरं गप्प झाली.

मारिसेल थांबली नाही. "आम्हाला ती वर न्यायची आहे."

आणि माझ्या शेजारी सुषमा हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आमची मुलगी ईशा जर्मनमध्ये म्हणाली, "आई, तू देवळात नाहीयेस."

सुषमाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या भाषणानंतर निधी देणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या लोकांनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. पुढे डोंगरावर शाळा बांधून झाली. फोटो दाखवायला ती लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावत आली होती.

त्यानंतर तिला इथे कायमची नोकरी देऊ केली. अनबेफ्रिस्टेट. इथे राहणाऱ्यांना या शब्दाची किंमत माहीत आहे. तिने नाही म्हटलं.

मी तिला एस-बानच्या प्लॅटफॉर्मवर समजावलं. "इथे राहा. इथून अशा कितीतरी शाळा होतील."

"कुया, नवी शाळा रिकामी आहे."

"म्हणजे?"

"आया मुलांना पाठवत नाहीत. चढ फार आहे म्हणतात. जुनी शाळा दारात आहे, तिथेच पाठवतात. इमारत मी इथून देऊ शकले. चढ इथून नाही चढवता येत."

गाडी आली. आम्ही चढलो. मग पेन्शनवर बोललो, असं वाटतं.

ती गावी परत गेली आणि रोज सकाळी दारोदार जाऊन मुलं गोळा करून डोंगरावर नेऊ लागली. कधी व्हिडिओ पाठवायची. पुढे मुलं, मागे ही, धापा टाकत. "पेन्शनपर्यंत पोचत नाही मी!" असं ओरडायची.

गेल्या महिन्यात वादळ झालं. नंतर कितीतरी दिवस ती पुराच्या पाण्यातून तांदूळ पोचवत होती. मग ताप आला. लेप्टो. आमच्याकडे भातलावणीनंतर येतो तोच, माणसं नेणारा. नाव ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी "काळजी घे" असं टाइप केलं होतं.

आज सकाळी देवापुढे दिवा लावला. काय मागायचं ते सुचलं नाही. तसाच उभा राहिलो.

दुपारी तिच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ. घरातच शवपेटी, आजूबाजूला माणसं जागायला बसलेली. तिची आई फोनसमोर आली.

तिने पहिलं विचारलं, "जेवलास का?"

मी हो म्हणालो. खोटं नव्हतं. पूर्ण डबा खाल्ला होता. भाजी काय होती ते आता सांगता येणार नाही.

मग मीच विचारलं. शाळेचं काय?

आई म्हणाली, "पाणी आलं तेव्हा सगळी मुलं वर होती. एकही खाली नव्हतं. जुनी शाळा गेली."

मग म्हणाली, "ती आजारी पडल्यापासून आयाच वर सोडायला जातात. आज सकाळीही गेल्या."

हे सांगताना ती रडत नव्हती. मीही नाही.

मारिसेल, पोरी, तुझी शाळा भरते आहे.

तुझ्या देवाला आणि माझ्या देवाला हात जोडले आहेत. तुला सांभाळून घेवोत.

तुझा कुया