राखेतली चवळी

आमचं बिऱ्हाड विंचवाचं. नवऱ्याची सरकारी नोकरी, तीन वर्षं झाली की बदलीचा कागद येतो. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि घरं झाली आठ. त्यामुळे सामान बांधण्यात आपला हात धरणारं कोणी नाही, असं मी मानत आले होते. नुसती मानत नव्हते, चारचौघींत बोलूनही दाखवत होते. प्रत्येक खोक्यावर नंबर, वहीत त्या नंबरासमोर आतल्या वस्तूंची यादी, काचसामानाला वर्तमानपत्राचे तीन थर आणि सगळ्यावरून चिकटपट्टी. माझं माहेर आणि सासर दोन्ही खानदेशात, लोणखेड्याकडचं, त्यामुळे घरात अहिराणीच चालते. खोक्यांची चळत बघून नवरा दर वेळी म्हणायचा, "अवं, घर लई जानं शे का दुकान?" मी लक्ष देत नसे. ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत त्याचं काय ऐकायचं?

आठवं घर माहेरापासून जवळच, अक्कलकुव्याला मिळालं, गावाच्या पार टोकाला. घरामागे नाला, नाल्यापलीकडे पाडा. पाड्यातलं पहिलं घर माझ्या शेजारणीचं. पहिल्यांदा ती शेतातली वाळकं विकायला आली, मग वाळकं नसली तरी यायला लागली. माझ्याच वयाची असेल. घरात तिची बोली वेगळी, माझ्याशी मात्र मोजकं मराठी बोलायची आणि पहिल्या दिवसापासून मला 'तू' म्हणायची. तिच्या बोलीत 'तुम्ही' नाहीच म्हणे. सुरुवातीला मला जरा लागलं. साहेबाची बाई ना मी! पुढे इतकी सवय झाली की कोणी 'तुम्ही' म्हटलं की परकं वाटायचं.

दिवाळी झाली की पाड्यातली बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला परत येतात. हिचंही घर निघालं. निघायच्या सकाळी मी मदतीला गेले. खरं सांगायचं तर शिकवायला गेले. चार रिकामी खोकी, चिकटपट्टी आणि स्केचपेन घेऊन नाला ओलांडला. तिने खोकी उलटसुलट करून बघितली, त्यातलं एक निवडलं, त्याला भोकं पाडली आणि आत दोन कोंबड्या बसवल्या. बाकीची तीन चुलीजवळ ठेवली. पेटवायला बरी म्हणून.

मग मी दारात बसून नुसती बघत राहिले. ज्वारी बांबूच्या कणगीत होती. त्यावर तिने कडुनिंबाचा पाला पसरला आणि कणगीचं तोंड शेणमातीने असं लिंपलं की कणगी कुठे संपते आणि झाकण कुठे सुरू होतं ते कळेना. मक्याची कणसं सालीला साल गाठून आढ्याला टांगलेलीच होती. जात्याची वरची तळी उचलून तिने बाजूला भिंतीला टेकवली, कारण दोन दगडांच्या फटीत उंदीर पिल्लं घालतात. हे सगळं राहणारं सामान. जाणारं सामान मोठ्या टोपात शिरलं. टोपात पातेलं, पातेल्यात तवा आणि तांब्या, तांब्यात मीठ, मिठात तिखटाची पुरचुंडी. डाळीच्या पिशवीत आरसा गेला. कोयत्याच्या पात्याला जुनं लुगडं, त्या लुगड्यात नवऱ्याच्या औषधाची बाटली. रिकामी अशी एकही वस्तू नव्हती. प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणाला तरी सांभाळत होती. चहाला दोनदा उकळी यावी एवढ्या वेळात एका संसाराची पाच गाठोडी झाली. माझ्या वहीत पाच पानं भरायला मला पाच दिवस लागतात. 

शेवटी तिने दार ओढलं आणि त्याला बोरीची काटेरी फांदी आडवी लावली.

"कुलूप कुठं?" मी विचारलं.

"कुलूप कशाला? त्यानं माणूस अडतो. मला बकरी अडवायचीय."

"आणि उंदीर?"

"त्याच्यासाठी तू," ती म्हणाली आणि पदराखालून एक वाळवलेला दुधी भोपळा काढून माझ्या हातात दिला. आतून पोकळ, तोंडाला चिंधीचा बोळा, त्यावर शेणमाती. हलवला तर आत काहीतरी दबकं सरकलं. "माझ्या आईकडची चवळी आहे. बियाण्याची. रिकाम्या घरात उंदीर माजतात. माणूस राहतं त्या घरात ठेवावी लागते. होळीला नेईन."

तिच्या आईचं गाव नर्मदेच्या पाण्याखाली गेलंय, हे मला ठाऊक होतं. लग्नात ती ही चवळी पदराच्या गाठीत बांधून आली होती. दरवर्षी मक्याच्या ओळीत लावायची, मूठभर परत भोपळ्यात टाकायची. अर्धा दाणा पांढरा, अर्धा विटकरी. बाजारात असली मिळत नाही, आणि जिथे मिळायची तिथे आता पाणी आहे. टेम्पोचा भोंगा वाजला, ती गाठोड्यांवर चढून बसली आणि गेली. जाताना एवढंही म्हणाली नाही की नीट ठेव.

आता माझा पराक्रम ऐका. घरी येऊन मी बोळा काढला आणि ताटात भोपळा उपडा केला. अर्धी चवळी, अर्धी राख! मला कीवच आली. एवढी जिवापाड जपायची वस्तू, आणि कोंबली राखेत! मी चवळी चाळली, कोरड्या फडक्याने दाणा न् दाणा पुसला आणि झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पारदर्शक बरणीत भरली. बरणीवर चिठ्ठी लावली: 'चवळी, शेजारीण'. भोपळा छान दिसत होता, म्हणून शोकेसमध्ये मांडला. राख वाया कशाला घालवायची? त्या राखेने मी आठवडाभर भांडी घासली. बरणी कपाटात वरच्या खणात ठेवली आणि चांगलं काम केल्याचं समाधान मानून तिला विसरून गेले.

होळीला आठ दिवस असताना बढतीचा कागद आला. अवेळी, आणि लांबचा. महाराष्ट्राच्या या टोकावरून थेट त्या टोकाला, कोकणात कुडाळला. होळीनंतर तिसऱ्या दिवशी ट्रक ठरला. मी वही काढली, खोकी मागवली आणि कपाटाच्या वरच्या खणापासून सुरुवात केली. बरणी हातात घेतली तर ती हलत होती. माझा हात नाही, आतली चवळी हलत होती. काचेसारख्या स्वच्छ बरणीत बारके तपकिरी भुंगे एकमेकांवर चढत होते. दाण्यादाण्याला भोक, तळाशी पिठाचा थर. राखेत त्यांना हलता आलं नसतं. मी त्यांना झाडूनपुसून मोकळं घर दिलं होतं.

 एवढं वाईट मला स्वतःची वस्तू हरवल्यावर कधी वाटलं नव्हतं. माझं काही फुटलं तर दुकान आहे. हिचं दुकान पाण्याखाली होतं.

आणि मग माणूस जे करतं ते मीही केलं. बाजारात गेले आणि पावशेर चवळी आणली. भोपळ्यात भरावी, वरून राख घालावी, तोंड लिंपून टाकावं. पण ती चवळी एकाच रंगाची होती, सगळी पांढरी. तरी मी तो भोपळा हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. नवऱ्याने बघितलं आणि त्याला सगळं कळलं. "सांगी दे तिले," तो म्हणाला. "लपाडीसन काय व्हई?" मोजे न सापडणारा माणूस कधीकधी असं नेमकं बोलतो की रागच येतो.

होळीच्या आदल्या दिवशी पाड्यात ढोल वाजायला लागला. चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक ढोलासरशी मला वाटायचं, आली. आणि आलीच. उन्हाने रापलेली, तळव्यांना उसाच्या पात्यांचे चरे. भोपळा न्यायला आली होती. मला आधी रडूच फुटलं, मग कसंबसं सांगितलं आणि बरणी पुढे केली.

तिने बरणी उन्हाकडे धरली. 

"राख कुठं गेली?"

"भांडी घासली."

तिने माझ्या मांडणीकडे नजर टाकली. "म्हणून एवढी चमकतात," ती म्हणाली.

रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने सूप मागितलं आणि अंगणात उन्हात बसली. बरणी सुपात ओतली, भुंगे आणि पीठ पाखडून उडवलं, मग एकेक दाणा उचलायला लागली. फिरवून बघायची, नखाने टोचायची, दाण्यावर पांढरा ठिपका दिसला तर तो अंड्याचा, म्हणून बाजूला. पाड्यात सण उभा राहत होता, तिची माणसं दोनदा हाका मारून गेली. ती हलली नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा तिच्या मांडीवर एकोणीस दाणे होते. बरणीभर चवळीतले एकोणीस.

तिने नऊ दाणे पदरात बांधले. दहा माझ्यापुढे ठेवले.

मला वाटलं, माझं ऐकण्यात काही चुकलं. "मला? मीच तर नासवली ना!"

"एका घरात ठेवून काय झालं, बघितलं ना? आता दोन घरं पाहिजेत."

"मग तुझ्या बहिणीला दे. मी तर लांब चाललेय."

"लांबच पाहिजे. इथं आग लागली तर बहिणीचंही घर जळेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि बहिणीच्या हातून कधी काही गेलं नाही. तिला भीती नाही. तुला आता भीती आहे."

तिने तिच्या चुलीतली राख आणली, चाळून थंड केलेली. मला शेजारी बसवून शोकेसमधला भोपळा माझ्याच हाताने भरायला लावला: आधी राख, मग दाणे, मग राख, वर बोळा, बोळ्यावर शेणमाती. तिकडे पाऊस किती, विचारलं. खूप, म्हटलं. मग चुलीवर टांग, म्हणाली. चूल नाही, गॅस आहे, म्हटलं. "त्याला धूर नसतो?" "नसतो." "मग तो काय कामाचा?"

होळी झाल्यावर दुसऱ्या दिवशी, अंगावर गुलाल तसाच घेऊन ती माझं सामान बांधायला आली. मी रिकामे डबे कागदात गुंडाळत होते, ते तिने काढून घेतले. तांदळाच्या डब्यात काचेचे पेले गेले, गोधड्यांच्या घड्यांत कपबशा, डाळीत माझ्या बांगड्या. एकेचाळीस खोक्यांची यादी केली होती, सव्वीसच निघाली. वहीतले नंबर सगळे चुकले आणि मी ते दुरुस्त केले नाहीत. कुडाळला पोचल्यावर फुटलेली एकच वस्तू निघाली, शोकेसची काच. ती मी स्वतः बांधली होती, तीन थरांत.

भोपळा ट्रकमध्ये दिला नाही. आम्ही सुरतेहून रेल्वेने गेलो आणि सगळी वाट तो माझ्या मांडीवर होता. समोरच्या बाईने विचारलं, देवाचं आहे का काही? मी हो म्हणाले. खोटं बोलले असं मला अजून वाटत नाही.

पहिल्या पावसात मी सहा दाणे लावले, चार राखेतच राहू दिले. कोकणातला पाऊस म्हणजे काय विचारता! खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या मी पडवीच्या कडेला, पागोळ्या पडणार नाहीत अशा ठेवल्या. सहातले चार वर आले. मी रोज उठून आधी तिकडे जायची, चहा नंतर. चार पोरं परीक्षेला बसवावीत तशी माझी गत. नवरा म्हणाला, "मन्हाकडे कधी इतलं देखं नही." खरंच आहे, नव्हतं बघितलं. माझ्या नखाएवढ्या दाण्यात एका बुडालेल्या गावाचं शेत होतं आणि ते माझ्या पडवीत दोरीवर चढत होतं. त्यापुढे नवरा काय!

श्रावणात तिचा फोन आला, तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवरून. कशी आहेस, काय चाललंय, असं काही विचारलं नाही.

"आहे का?" एवढंच.

"आहे," मी म्हटलं. "शेंगा धरल्यात."

 मग तिने हळूहळू सांगितलं. तिच्या वेली गुडघाभर आल्या होत्या, कुणाच्या तरी बकऱ्या शिरल्या आणि एका दुपारीत बुडख्यापर्यंत खाऊन गेल्या. एकही राहिली नाही.

"तू नऊच्या नऊ पेरलेस?" मला राहवेना. "मागे चार दाणेही ठेवले नाहीस?"

"ठेवले होते ना," ती म्हणाली. "तुझ्याकडे."

 पलीकडे ती तिच्या बोलीत कोणाला तरी मोठ्याने काहीतरी सांगत होती. शब्द कळले नाहीत, पण तिकडचं सगळं घर हसलं ते ऐकू आलं. मग परत फोनवर आली.

"दिवाळीला माहेरी येशील ना, तेव्हा घेऊन ये," ती म्हणाली. "आणि पुसू नको."