पावलाखालचा हात

मोटारसायकलवरून पडल्यापासून आमच्या ह्यांचं उजवं पाऊल लोंबायचं. गुडघ्याजवळची नस गेली होती. चालताना पाऊल धप्पकन पडायचं आणि चप्पल मागंच राहायची. भवानीनगरला साखर कारखान्यात लोखंडी जिने चढणारा माणूस, त्याला वजनकाट्यावर पावत्या फाडायला बसवलं. मला त्या चपलेचाच राग यायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीत ऑपरेशन झालं. पाऊल आत वळवणारी स्नायूची धड दोरी सोडवून डॉक्टरांनी ती पावलाच्या वरच्या अंगाला शिवली. आता तिनंच पाऊल उचलायचं. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "उचलायचं मनात आणू नका. तळवा आत वळवायचा म्हणा, पाऊल वर येईल. तेवढं जमलं, की जिना चढाल."

रोज सकाळी कॉटवर बसून, डोळे मिटून हे तळवा वळवायचे. कपाळावर घाम यायचा. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी चवड्याखाली हात धरायचे.

"हाललं बघा," मी म्हणायचे.

"व्हय, हाललं की," हे खूश. असे पंधरा दिवस गेले.

तपासायला गेलो, तर बाईंनी पाऊल टेबलाबाहेर मोकळं सोडलं. ते जागचं हललं नाही. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. बाईंनी विचारलं, "घरी हात कोण लावतं?" पंधरा दिवस मीच उचलत होते आणि माझं मलासुद्धा कळलं नव्हतं.

परतताना एसटीत मी रडले, वर ह्यांच्याशीच भांडले. "तुमाला तरी कळाय नको?"

खिडकीबाहेर बघत हे म्हणाले, "मला वाटलं, माझं पाऊलच उचलतंय."

दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून शेजारी बसायला लागले. हात नुसते शिवशिवायचे. आठवडाभर काही नाही. राग भांड्यांवर निघायचा. मनात एकच, ह्यांचा पाय मीच घालवला.

मग एका सकाळी अंगठा थरथरला आणि पाऊल वर आलं, चांगलं दोन बोटं. ह्यांनी डोळे उघडले, पण पावलाकडं बघेनात. माझ्याकडंच बघत म्हणाले, "आधी हात दाखीव."

मी दोन्ही हात वर केले. पाऊल तसंच वर होतं. तेव्हा कुठं ह्यांनी खाली बघितलं.