रंभेने चाखलेली काळी बीर

पिंपळे गुरवातल्या रंभेचं पहिलं मूल गेलं, त्याच वर्षी पिंपरीला एका नव्या कारखान्याच्या वसाहतीत परदेशी इंजिनियर राहायला आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो जोडला गावच्या सुईणीने.

मुलगी होती. आठवडाभरही जगली नाही. दूध आटावं म्हणून रंभेची सासू रुक्मिणीबाई रोज मोगऱ्याच्या कळ्या फडक्यात घालून सुनेच्या छातीला आवळून बांधायची. कळ्या सुकायच्या, पण दूध काही आटेना. चोळी भिजायची, अंगात कणकण यायची. रंभा गोठ्यामागे जाऊन भिंतीशी दूध पिळायची आणि पायाने वर माती सारायची.

एके दिवशी सुईण आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "पिंपरीच्या बंगल्यात एका गोऱ्या बाईला विषमज्वर झालाय. तिचं तान्हं पोर डब्याचं दूध ओकून टाकतंय. बाईमानसाचं दूध मिळालं तर जगंल, असं डाक्टर म्हनतोय."

"गाय खाणाऱ्याचं पोर आमच्या सुनंनं पाजायचं?" रुक्मिणीबाई उसळली. "न्हाई जमायचं."

रंभेचा नवरा ज्योतीराम आत भाकरी खात होता. तो देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली करायचा, काम असेल तेव्हा. त्याने आतूनच विचारलं, "पगार काय देत्यात?"

सुईणीने सांगितला आणि विषय मिटला. रंभेला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. झोपेत तिला अजून मूल रडल्याचं ऐकू यायचं.

बंगल्यातला साहेब बेल्जियमचा. त्याचं नाव व्हर्म्यूलन, पण नोकरमाणसांनी त्याचा वर्मासाहेब करून टाकला होता. पोराचं नाव यान. रंभेने पहिल्याच दिवशी त्याचा ग्यानू केला. लालभडक, सुरकुतलेलं, मांजरीच्या पिलाएवढं पोर. तिने पदराखाली घेतलं तेव्हा ते आधी रडलं, मग त्याने तोंड लावलं, आणि मग इतक्या जोराने ओढायला लागलं की रंभेच्या डोळ्यांतून पाणी आलं. दारात उभा असलेला स्वयंपाकी इनास तोंड फिरवून निघून गेला.

हा इनास मूळचा गोव्याचा, खडकीच्या छावणीत साहेबलोकांच्या हाताखाली वाढलेला. बंगल्यात मराठी समजणारा तो एकटाच. मेमसाहेब इंग्रजीत सांगणार, इनास मराठीत करणार, रंभा मान हलवणार, असा कारभार सुरू झाला. नोकरांच्या खोल्यांपैकी एक रंभेला मिळाली. ज्योतीराम महिन्याच्या महिन्याला पगार न्यायला यायचा.

पोर सुधारलं. मेमसाहेबही तापातून उठली, काठी टेकत व्हरांड्यात येऊन बसू लागली. पण रंभेचं दूध कमी होत चाललं. रात्री पोर चिडचिड करायचं. मेमसाहेबाला ते कळलं. दुपारी तिने इनासला हाक मारली आणि काहीतरी आणायला सांगितलं. इनास जागचा हलेना. तिने पुन्हा सांगितलं. मग तो पाण्याच्या माठाखाली ओल्या गोणपाटात ठेवलेली एक बुटकी तपकिरी बाटली घेऊन आला.

"काय हाय ते?" रंभेने विचारलं.

"बीर आहे बाय," इनास म्हणाला. "तिच्या मुलखात बाळंतिणीला देतात. तिची आई प्यायली, आजी प्यायली. दूध भरतं म्हणते."

"दारूच ना?"

"दारूच. पण मठातले साधू करतात, म्हणते ती."

रंभेला हसू आलं. साधू आणि दारू गाळणार! तिला दारू ठाऊक होती ती ज्योतीरामाच्या तोंडाला येणारी. नदीकाठच्या बाभळीत हातभट्टी लागायची. दारूबंदी असल्यामुळे तिकडे जाताना तो खांद्यावर विळा टाकून जायचा, गवत आणायला निघाल्यासारखा. तिथे नाक दाबून एका घोटात प्यायचा आणि घरी येऊन जे करायचं ते करायचा. नवसागराचा तो उग्र वास रंभेच्या डोक्यात बसलेला होता. ती उठून जायला निघाली.

मेमसाहेबाने तिचा हात धरला. मग स्वतःच्या पेल्यात ओतली. पेला रुंद तोंडाचा होता, पूजेच्या वाटीसारखा. तो तिरपा धरून तिने हळूहळू ओतली आणि तळचं गाळाचं बोटभर बाटलीतच राहू दिलं. खिडकीच्या उजेडाशी धरून रंभेला दाखवली. काळी वाटणारी बीर कडेला डाळिंबी दिसत होती. वर मळकट रंगाचा फेस आला होता, उसाचा रस उकळायला लागला की येतो तसा.

रंभा थांबली ती त्या फेसामुळे. तिचा बाप गुळव्या होता. तिचं लहानपण थेऊरकडच्या गुऱ्हाळांवर गेलेलं.

पहिला घोट तिने तोंड वाकडं करून घेतला. काडेकिराइताचा कडू काढाच! तिने पेला खाली ठेवला. मेमसाहेब हसली आणि बोट वर करून तिला थांब म्हणाली. मग आपल्या नाकाकडे बोट दाखवलं, पेला हळूच गोल फिरवला, वास घेतला, आणि मग चिमणीएवढा घोट घेऊन डोळे मिटून बसली.

रंभेने तसंच केलं. या वेळी कडूपणा मागाहून आला. त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. गुऱ्हाळातल्या काहिलीच्या कडेला चिकटून करपलेला गूळ. भिजवलेली खारीक. भाकरीचा जळका पापुद्रा. गिळल्यावर घशात लवंग चघळल्यासारखी ऊब उतरली, आणि तिथून कडू चव सावकाश वर आली आणि जिभेवर बसून राहिली.

"कडू," रंभा म्हणाली.

"कडू," मेमसाहेबाने म्हणून पाहिलं. मग मान हलवून तिच्या भाषेतला शब्द सांगितला. "बिटर."

त्यानंतर रोज दुपारी ग्यानू झोपला की एक बाटली दोघींत निघायची. आधी वासच घ्यायचा. इनास बर्फ आणायला निघाला तर मेमसाहेब त्याला ओरडायची. गार केली की चव मरते म्हणे. रंभेची जीभ हळूहळू उघडत गेली. फेस बसल्यावर गोडी वाढते, पेला हातात धरून ऊब दिली की खारकेचा वास सुटतो, हे तिला कुणी शिकवलं नाही. ती इनासकडून खारका मागवून घ्यायची आणि मेमसाहेबाला वास देऊन दाखवायची. मेमसाहेब टाळी वाजवायची. घरात कुणी रंभेला काय आवडतं हे विचारलेलं नव्हतं. इथे एक बाई रोज तिच्या तोंडाकडे बघत थांबायची, आज काय म्हणते म्हणून.

दूध बीरने वाढलं की पोटभर जेवणाने आणि दुपारच्या विसाव्याने, देव जाणे. पण वाढलं. ग्यानू बसू लागला, रांगू लागला.

एका महिन्यात ज्योतीराम ठरलेल्या दिवसाआधीच पगार मागायला आला, तोही भर दुपारी. रंभा बाहेर आली. बोलता बोलता त्याने नाक वर केलं.

"रंभे, तोंड उघड."

"औषध हाय. मेमसाबनं दिलंय, दुधासाठी."

"औषध?" तो हसला. "मला शिकवतीस व्हय?"

तिला वाटलं आता हात उठेल. पण तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेबाची दारू पितीस आनि नवऱ्याला इचारत न्हाईस? येक बाटली आन. न्हाई आनलीस तर चारचौघांत सांगीन."

मेमसाहेब आत झोपली होती. रंभेने त्या दुपारची अर्धी राहिलेली बाटली, स्वतःच्या वाटणीची, पदराखाली घालून त्याला नेऊन दिली. कुंपणापाशी उभा राहून तो सगळी एका दमात प्यायला, तळच्या गाळासकट. मग थुंकला.

"हॅत्! काढा हाय हा. ह्यानं काय चढतंय?" त्याने बाटली ओढ्यात भिरकावली.

रंभा बाटली पडली त्या जागेकडे बघत राहिली. मार खाताना तिला कधी या माणसाची किळस आली नव्हती. त्या दिवशी आली.

पुढे थोड्याच दिवसांनी बाभळीतल्या भट्टीवर धाड पडली. ज्योतीराम सापडला. स्वतःची कातडी वाचवायला त्याने चौकीत सांगून टाकलं, की माझ्यासारख्या गरिबाला काय धरता, पिंपरीच्या बंगल्यात नोकरांना विलायती दारू पाजतात, माझी बायकोच पिते.

फौजदार बंगल्यावर आला. व्हरांड्यात साहेब, मेमसाहेब, कडेला इनास, आणि पायरीखाली ग्यानूला कडेवर घेतलेली रंभा. साहेबाकडे परवाना होता, पण तो त्याच्यापुरता. दुसऱ्या कुणाला पाजणं हा गुन्हा. फौजदाराने ते अदबीनेच सांगितलं. साहेबाचा चेहरा उतरला. तो मेमसाहेबाशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलला. मग तो इनासकडे वळून इंग्रजीत बोलला.

इनास उभाच राहिला.

"सांग की," फौजदार म्हणाला.

"साहेब म्हणतात," इनास जमिनीकडे बघत म्हणाला, "आम्ही हिला कधी दिली नाही. हिने चोरून घेतली असेल."

रंभेला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिने मेमसाहेबाकडे पाहिलं. मेमसाहेब फुलांच्या कुंड्यांकडे बघत होती.

"इनासदादा," रंभा म्हणाली, "त्यास्नी इचार, चोरीची दारू कुनी समोर बसवून वतून देतं का? मला वास घ्यायला कुनी शिकिवलं, इचार."

इनासने विचारलं नाही. फौजदाराला मराठी येत होतं, त्याने ऐकलं, आणि टोपी डोक्यावर घातली. साहेबाने हिला कामावरून काढलं तर गुन्हा नोंदवायचं काही कारण नाही, असं म्हणून तो गेला.

मेमसाहेबाने पुढे येऊन पोराला घेण्यासाठी हात पसरले. ग्यानूने रंभेचा पदर मुठीत धरला होता. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

गावात तिच्याआधी बातमी पोचली होती. ज्योतीराम किरकोळ दंडावर सुटून आला आणि पारावर बसला. त्याला कुणी काही म्हणालं नाही. पुरुष पितोच. रंभेला बघायला मात्र बाया विहिरीवर थांबायच्या. पण खरा घाव रुक्मिणीबाईने घातला. भावकीतल्या चार बायका ओट्यावर बसल्या असताना ती म्हणाली, "आता उमगलं माझी नात कशानं गेली. आईचं दूधच दारूचं हुतं."

"आत्याबाई!" रंभा आतून धावत आली. "तवा मी बीर बगितली तरी हुती का?"

"चोराला कोन इचारतं, कधीपास्नं चोरतोस म्हनून?"

बायकांनी माना हलवल्या. मोगऱ्याच्या कळ्या बांधणारी, नात पुरून आल्यावर भिंतीला डोकं टेकून रडलेली हीच बाई. तिलाही नातीच्या मरणाला काहीतरी कारण हवं होतं, आणि ते आयतं हाताशी आलं होतं. रंभा त्यानंतर घरात बोलेनाशी झाली.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात इनास सायकलवरून आला. रंभा नदीकाठाने वर काळेवाडीच्या अंगाला एका बागायतदाराचे कांदे काढत होती. तो बांधावर थांबला. साहेबाचं काम संपलं होतं, मंडळी परवाच्या बोटीने निघणार होती. त्याने पिशवीतून एक फोटो काढला. उभं राहिलेलं पोर, डोक्यावर टोपी. आणि फडक्यात गुंडाळलेली एक तपकिरी बाटली, रुंद तोंडाच्या पेल्यासकट.

"मेमसाहेबाने दिलंय. साहेबाला ठाऊक नाही."

रंभेने फोटो बराच वेळ पाहिला. मग बाभळीच्या सावलीत बसून तिने इनासला बाटली उघडायला लावली. पेला तिरपा धरून ओतली. वास घेतला. तिला मनातून वाटत होतं, नासलेली असावी. आंबट, कडवट, थुंकून टाकण्याजोगी असावी. म्हणजे सगळंच एकदम थुंकून टाकता आलं असतं.

नासली नव्हती. उलट मुरली होती. करपलेला गूळ आता आणखी खोल गेला होता, खारकेला मधाची गोडी आली होती, आणि शेवटचा कडूपणा घाईने न येता सगळ्यांच्या मागून आला. इतकी चांगली बीर त्या बंगल्यातही तिने चाखली नव्हती. ती चवीने प्यायली, घोटाघोटाला थांबत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला तिने हात उचलला नाही.

"काय सांगू तिला?" इनासने विचारलं.

"चांगली हुती म्हनावं."

"एवढंच?"

"तेवढंच खरं हाय."

"आणि फोटो?"

"ठिवते. पोरानं काय केलंय माझं?"

इनास पेला घेऊन गेला. पेला तिने ठेवून घेतला नाही. घरात असलं भांडं दिसलं तर पुन्हा तेच सुरू झालं असतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर रंभेने सासर सोडलं. चिंचवडला एका नव्या कारखान्याच्या उपाहारगृहात तिला भांडी घासायचं काम लागलं होतं. महिनाभर चांगलं चाललं. मग पिंपळे गुरवचाच एक जण तिथे कामाला लागला आणि त्याने मुकादमाच्या कानात सांगितलं, की ही बाई पिणारी आहे, साहेबाच्या घरी चोरीत सापडलेली. मुकादमाने तिला दुसऱ्या दिवशी फाटकातच अडवलं. आत कोठीत किल्ल्या असतात, तो म्हणाला, तुझा भरवसा कोण देणार?

ती मुंबई-पुणे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथे कुणाचा भरवसा लागत नव्हता.