तोंड उघडं ठेवा, अल्बम चालू आहे

नव्या गाण्यांवर माझ्या नणंदबाईंइतकं मनापासून चिडणारं माणूस अख्ख्या महाडात नाही, आणि पार पोलादपूरपर्यंत शोधलं तरी सापडायचं नाही. ताई दातांच्या डॉक्टर. दवाखाना बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, आणि बाहेरच्या टेबलाशी पेशंटांची नावं पुकारत बसलेली मी. सिनेमाची गाणी त्यांच्या लेखी गाणीच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर त्या रागावण्याचेही कष्ट घेत नाहीत. त्यांचा सगळा राग राखून ठेवलेला असतो तो आपली आपण गाणी लिहून, घरच्या खोलीत रेकॉर्ड करून, कुठल्याही कंपनीविना इंटरनेटवर सोडणाऱ्या पोरांसाठी. असले नवे अल्बम शुक्रवारी येतात. शनिवारी दवाखान्यात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजतात, आणि ज्यांचे दात शनिवारी दुखतात त्यांना ते ऐकावे लागतात, वर ताईंचं मतही. "हा गातोय की झोपेत कण्हतोय?" असं त्या मशीन चालू ठेवून विचारतात. पेशंट काय बोलणार? त्याच्या तोंडात कापूस, आरसा आणि ताईंची दोन बोटं. वीर गावाहून येणारे एक निवृत्त मास्तर भीतीने मान डोलवायचे, तर ताई ओरडायच्या, "मान हलवू नका! आणि पटलेलं नसताना तर मुळीच हलवू नका!"

आवाज घुमवलेला त्यांना खपत नाही. "विहिरीत पडलाय हा. दोर टाका रे कोणीतरी!" एका अल्बमात एकाच प्रेमभंगाची बारा गाणी होती. सातव्या गाण्याला ताईंचा संयम सुटला. "त्या पोरीनं सोडलं ते बरंच केलं. मी असते तर पहिल्याच गाण्याला सोडलं असतं." एका वर्षी सावित्री नदीचं पाणी बाजारात चढू लागलं, तेव्हा ज्याने त्याने आपापला माल माडीवर नेला. ताईंनी आधी स्पीकर नेले. पेशंटची खुर्ची खालीच भिजत राहिली. मी काही बोलायच्या आत माझ्यावरच भडकल्या, "खुर्ची जमिनीला ठोकलेली आहे, ती काय डोक्यावर घेऊ? आणि खुर्ची नवी मिळते. असे स्पीकर आता कोणी बनवत नाही."

गेल्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुडपण गावचा एक तरुण आला. मुंबईत नोकरी, सुट्टीवर गावी आलेला, दाढ ठणकत होती. रूट कॅनल करायला घेतलं. वार शनिवार, आणि अल्बम लागला होता गावाकडच्या आठवणींचा. पहिल्या गाण्यातच ताई पेटल्या. "पाऊस म्हणे! नळाखाली बादली ठेवलीय यानं. आणि ह्या गुरांच्या घंटा? दुकानातून आणल्यात. माती, माती म्हणतोय, याच्या नखात तरी गेली होती का कधी माती?" तिसऱ्या गाण्यापर्यंत पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ताईंना वाटलं भूल कमी पडली. त्यांनी आणखी एक इंजेक्शन ठोकलं. मग चूळ भरायला उठवलं, तेव्हा जड झालेल्या जिभेने तो कसाबसा म्हणाला, "मॅडम, ह्यो अल्बम माझाच हाय."

बाहेर मी कपाळाला हात लावला. ताईंची पापणीसुद्धा लवली नाही. "असं? मग आ कर. अजून पाच गाणी राहिलीत."

कॅप बसवायला दोन आठवड्यांनी यायचं होतं, तो आलाच नाही. ताईंनी अल्बम पुन्हा लावायला घेतला, तर इंटरनेटवरून तोही गायब! मग जो भडका उडाला तसा मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता. "काढून टाकला? कोणाला विचारून? मी वाईट म्हटलं, नको कुठं म्हटलं? अर्धी दाढ घेऊन पळाला तो पळाला, वर गाणीही नेली!" फोन तो उचलेना. अखेर एका रविवारी ताईंनी गाडी काढली, मला शेजारी बसवलं आणि पोलादपूरहून वर कुडपणला नेलं. सगळा चढ त्या त्याला शिव्या देत होत्या, आणि वळणांवर मी देवाचं नाव घेत होते.

त्याची आई पावसाळ्यासाठी पडवीत लाकडं रचत होती. "तो मुंबयला गेला गो बाय," ती म्हणाली. "आता गात नाय. बास झाला म्हणतो."

"फोन लावा," ताई म्हणाल्या. आईचा फोन त्याने लगेच उचलला. ताईंनी तो तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"पहिली तीन गाणी भिकार होती, आजही भिकार आहेत! पण चौथं, ते आई हाक मारते आणि तू मुद्दाम ओ देत नाहीस ते, ते खरं होतं. ते काढायचा तुला काय अधिकार?"

"तवा बोलला नाय तुम्ही, मॅडम."

"तेव्हा मी तुझी नस काढत होते!"

पलीकडे तो थोडा हसला. मग म्हणाला, "तुमच्या बोलण्यानं नाय काढला. टाकला तवा सगळे भारी भारी म्हणाले. दोस्त, ऑफिसातले, सगळे. पण शेवटपर्यंत ऐकलेला एक नाय. कोणासाठी ठेवायचा? पूर्ण ऐकलात त्या तुम्हीच एकट्या."

त्याची आई हातातलं लाकूड तसंच धरून ताईंकडे पाहत होती. ताईंनी फोन तोंडाजवळ नेऊन विचारलं, "दाढ दुखते का?"

"थोडी."

"गणपतीला येशील तेव्हा कॅप बसवून जा. आणि येताना गाणी घेऊन ये."

तो आला. कॅप बसली, गाणीही मिळाली. इंटरनेटवर मात्र त्याने ती परत टाकली नाहीत, ताईंनी कितीही आरडाओरडा केला तरी. आता तो अल्बम जगात फक्त आमच्या दवाखान्यात वाजतो. पहिल्या गाण्यातल्या घंटांवर ताई अजून पहिल्याइतक्याच चिडतात. चौथं लागलं की मशीन बंद करतात. पेशंटला वाटतं काम झालं, तो उठू पाहतो. ताई त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा टेकवतात, आणि गाणं संपेपर्यंत तिथे कोणीच काही बोलत नाही.