बाबा आणि चिमणीतलं डांबर

२०१७च्या शरद ऋतूत आम्ही कॉर्क हार्बरजवळच्या एका जुन्या घरात भाड्याने राहायला गेलो. रिंगास्किडीतला औषधांचा कारखाना, म्हणजे माझी नोकरी, तिथून गाडीने दहा मिनिटांवर. नवऱ्याला खिडकीतून दिसणारं पाणी आवडलं आणि मला दिवाणखान्यातला लाकडाचा स्टोव्ह. काचेचं दार असलेली लोखंडी शेगडीच ती, धुराचा पाइप वर चिमणीत गेलेला.

ऑक्टोबरातल्या वादळात शेजारच्या शेतकऱ्याचं एक मोठं झाड पडलं. त्याने ते कापून ट्रेलरभर लाकडं प्रेमाने आमच्या दारात आणून टाकली. आम्ही लगेच जाळायला घेतली. एकदा भरलेला स्टोव्ह जास्त वेळ टिकावा म्हणून हवेची झडपही जवळजवळ बंद ठेवायचो. पंधरवड्यात काच काळी पडली. मी रविवारी ती घासायची, मंगळवारी ती पुन्हा तशीच. पडद्यांना धुराचा आंबूस वास बसला. ऑफिसात विचारलं तर सगळे म्हणायचे, स्टोव्ह म्हटला की असंच, ग्रँड आहे, म्हणजे तिकडच्या बोलीत ठीकठाक.

डिसेंबरात सांगलीहून बाबा आले. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली होती. चहा व्हायच्या आधीच ते स्टोव्हसमोर उकिडवे बसले. एक ओंडका उचलून वजनाचा अंदाज घेतला, कापलेल्या टोकाचा वास घेतला, मग पाइपच्या जोडावर बोट फिरवलं. बोटाला काळं, चिकट काहीतरी लागलं.

“ही लाकडं जळंनात,” ते म्हणाले. “शिजाय लागल्यात.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. ओल्या लाकडाचा निम्मा जाळ पाणी उडवण्यातच जातो. वर हवा कोंडली की धूर रेंगाळतो, गार पाइपाला चिकटतो आणि त्याचं डांबर होतं. एक दिवस जाळ जरा मोठा झाला की ते डांबरच चिमणीत पेट घेतं. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तू कामावर काय करतीस?”

त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. मी पावडर वाळवण्याच्या विभागात होते. दिवसभर औषधातली ओल मोजायचे. मी उठून चहा टाकला.

चिमणी साफ करणारा माणूस चार दिवसांनी आला. तोवर बाबांनी स्टोव्ह पेटवू दिला नाही. आम्ही घरात कानटोप्या घालून वावरलो. त्याने जमिनीवर चादर अंथरली, काठीला काठी जोडत ब्रश वर सरकवला, आणि खाली काळ्या, चकचकीत खपल्यांचा खच पडला. त्यातली एक माझ्या हातावर ठेवून तो म्हणाला, “आणखी महिनाभर असंच चाललं असतं, तर अग्निशमन दलच चहाला आलं असतं तुमच्याकडे.”

बाबांचं इंग्रजी कारखान्यातलं: ड्राफ्ट, डँपर, प्रेशर. तेवढ्यावर आणि हातवाऱ्यांवर त्या दोघांचा तास मजेत गेला. मी आधी भाषांतर करत होते, मग माझी गरज नाही हे लक्षात आलं.

त्या हिवाळ्यापुरती आम्ही दुकानातून वाळलेली लाकडं आणली. ओली लाकडं बाबांनी माझ्या नवऱ्याला हाताशी घेऊन फोडली आणि भिंतीलगत लाकडी फळ्यांच्या पॅलेटवर रचली, वर पत्रा, बाजू वाऱ्याला मोकळ्या. मी ओल मोजायचं छोटं यंत्र मागवलं. आकडा वीस टक्क्यांच्या खाली असेल तेच लाकूड घरात. पेटवताना झडप पूर्ण उघडी, लाकडाने नीट पेट घेतला की मगच थोडी कमी. लाकूड भराभर संपतं म्हणून नवरा दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वेटर काढून ठेवला आणि विषय संपला.

फेब्रुवारीत बाबा परत गेले. पुढच्या शरदात तोच माणूस पुन्हा आला, तेव्हा चिमणीतून कोरडी, भुरकट काजळी निघाली, अर्धी बादलीसुद्धा नाही. मी त्या बादलीचा फोटो बाबांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. कौतुक वगैरे काही नाही. पुढच्या वर्षीची लाकडं रचून झाली का, एवढंच विचारलं. झाली नव्हती. शनिवारी सकाळी आम्ही दोघं कामाला लागलो.