साहेबाच्या मोटारीचा नंबर

आमचे मामंजी सरकारी नोकरीत होते तोवर त्यांना कुणी सलाम केल्याचं घरात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तो मान त्यांना पेन्शनीत निघाल्यावर मिळाला, तोही एका मोटारीमुळे. लोणावळ्यातला एक गोरा साहेब बंगला विकून विलायतेला गेला, तेव्हा मामंजींनी त्याची जुनी मोटार घेतली. तिचा नंबर नुसता दोन आकडी. बाजाराच्या नाक्यावरचा शिपाई वर्षानुवर्षं त्या नंबराला सलाम ठोकत आलेला. आत कोण बसलंय हे बघायची त्याला सवयच नव्हती. आमचे हे मोटार चालवायचे आणि मामंजी मागे बसून, मान जेमतेम हलवून, तो सलाम स्वीकारायचे. काम असो-नसो, संध्याकाळी नाक्यावरून एक फेरी व्हायचीच.

मग लढाई आली, पेट्रोल कुपनावर गेलं आणि मोटार मागच्या पडवीत गेली. माळ्याच्या कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला.

लढाई संपल्यावर मामंजींनी कोंबड्या हाकलल्या, मोटार धुवून घेतली आणि पुण्याच्या मोटार कचेरीत जाऊन आले. आले ते तोंड पाडून. मोटारीची नोंद केव्हाच रद्द झाली होती.

"नवा नंबर घ्या म्हणतात. चार आकडी!"

"पण मोटार तीच राहील ना?" सासूबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

जुना नंबर मधल्या काळात टाकव्याच्या एका शेतकऱ्याच्या लॉरीला दिला गेला होता. त्याची संमती आणलीत तर अदलाबदल करून देऊ, असं कचेरीतल्या अधिकाऱ्याने सांगितलं. बहुधा म्हातारा एकदाचा उठावा म्हणून.

लॉरीवाले आबा माझ्या तळेगावच्या डॉक्टर वडिलांकडे औषधाला यायचे, म्हणून मामंजींनी मला बरोबर घेतलं. कामशेतला उतरून आम्ही बैलगाडी केली. वाटभर मामंजी आबांपुढे करायच्या भाषणाची उजळणी करत होते. त्यात प्रतिष्ठा होती, परंपरा होती, थोडा कायदाही होता.

लॉरी खळ्यातच उभी होती. वर पेंढा, आत दोन म्हशी आणि नंबराच्या पाटीवर शेण. मामंजींनी डोळे मिटून घेतले. मग घसा साफ करून सुरुवात केली, "हे पाहा, प्रत्येक वाहनाला स्वतःचा असा एक इतिहास असतो..."

"नंबर पायजे व्हय?" आबांनी विचारलं. "न्या की मग. त्यात काय येवढं?"

भाषण तिथेच संपलं. इतकं चटकन 'हो' म्हटल्याचा मामंजींना थोडा अपमानच वाटला. आबांनी कागदावर अंगठा उठवला, आम्हाला चहा पाजला आणि मला हळूच म्हणाले, "ताई, तुमचं सासरं लय भला मानूस."

नंबर मिळाला. नव्या रंगाची पाटी लावून, कोट-टोपी घालून मामंजी मागच्या सीटवर बसले. आम्ही सगळे तळेगावला निघालो. नाक्यावर शिपायाचा हात वर गेला. मामंजींनी मान हलवली. पण तो हात सलामाचा नव्हता, थांबवायचा होता.

"बाजूला घ्या गाडी. म्हशी किती आहेत?"

शिपाई नवा होता. त्याने खिडकीतून वाकून आत पाहिलं. मामंजी, सासूबाई आणि मी. त्याची जराशी निराशाच झाली.

पुढे कामशेतजवळ डोक्यावर भाताची पोती घेतलेली चार माणसं मोटारीला आडवी आली. "आरं थांब की! कुटं चाललास?" असं ओरडत एकाने पोतं मडगार्डवर टेकवलंसुद्धा. वडगावला पुन्हा पोलीस. वजन जास्त भरायचं आणि म्हशींत माणसं बसवायची, यासाठी तो नंबर साऱ्या मावळात गाजलेला होता.

महिनाभराने आबा भाताचा वानवळा घेऊन घरी आले. "रावसाहेब, लय उपकार झाले तुमचे. आता मला कुनी आडवत न्हाई बगा."

मामंजींनी वानवळा ठेवून घेतला. नंबर बदलायला मात्र ते पुन्हा पुण्याला गेले नाहीत. पाहुण्यांना सांगायचे, "हल्लीच्या पोलिसांत अदब आहे. गाडी थांबवून विचारपूस करतात."

"हो, म्हशींची," सासूबाई आतून म्हणायच्या.

त्यानंतर तळेगावला जायचं झालं की त्या आणि मी आगगाडीने जाऊ लागलो. मामंजी मागाहून मोटारीने यायचे, आणि बऱ्याच उशिरा पोहोचायचे.